सातव्या पावलाची मोजणी

रसिका परब हिच्या लग्नातलं सातवं पाऊल गोव्याच्या हद्दीत, सीमारेषेपासून दोन फूट चार इंच आत पडलं, हे मी न्यायालयात सिद्ध केलं. समोर धुरीबाई होत्या आणि त्यांनी ते मान्य केलं. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ह्या तिन्ही राज्यांत मिळून धुरीबाईंकडून भर कोर्टात काही मान्य करून घेतलेला वकील बहुधा मी एकटाच.

आता हा परिच्छेद आपण वाचलाच नाही असं समजू. काही सिद्ध झालेलं नाही, दावा अजून दाखल व्हायचाय, मी सव्वीस वर्षांचा आहे आणि डिचोलीतल्या माझ्या नव्या ऑफिसात रघुवीर परब समोर बसून विचारतायत, की ही खुर्ची अशी का हलते.

"शेजारच्या झेरॉक्सवाल्याची आहे," मी म्हणालो. "संध्याकाळी परत द्यायची असते."

"म्हणजे वकिली नवी?"

"नवी नाही. सहा महिने वापरलेली आहे."

रघुवीरबाब पन्नाशीचे, गोव्याच्या हद्दीवरच्या वाघुर्ली गावचे. आमच्याकडे नावाला आदराने 'बाब' लावतात; मी गाड, म्हणून गाडबाब. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून स्थिर केली आणि विषयाला हात घातला.

"गाडबाब, धाकटा भाऊ गेला. सोमनाथ. ताप आला, बेळगावला नेला, आठव्या दिवशी आटोपलं. त्याच्या घरात आता एक बाई राहते."

"कोण?"

"त्याची बायको."

मी वहीत लिहिलं, बायको.

"पण ती बायको नव्हे."

मी खोडलं.

"म्हणजे तशी बायकोच. लग्नात मीच पुढे होतो. पण दुसरी सही नाही."

हे मला लगेच कळलं, कारण मी गोव्याचा. बाहेरच्यांसाठी सांगतो. गोव्यात लग्न नोंदवायला सरकारी कचेरीत दोनदा जावं लागतं. पहिल्या सहीला दोघांनी सांगायचं, आम्हाला लग्न करायचंय. मग पंधरा-वीस दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा येऊन सांगायचं, अजून करायचंय. ही दुसरी सही पडली की कायद्याने नवरा-बायको. ती पडेपर्यंत मांडव, वाजंत्री, पाचशे पानं जेवून उठली तरी कायद्याच्या लेखी दोघं नुसती ओळखीची.

रसिका महाराष्ट्राची. वाघुर्लीला खेटून पलीकडे आंबेशेत नावाचं गाव आहे, दोडामार्ग तालुक्यातलं, तिथली. तिच्या माहेरच्यांचा समज असा, की सरकारी सही एकदाच असते आणि ती झाली. सोमनाथला खरं माहीत होतं. पण तो सगळी कामं सोमवारी करणारा माणूस होता, आणि कुठल्या सोमवारी ते सांगत नसे. दुसऱ्या सहीला वर्षाची मुदत असते. अकराव्या महिन्यात तो गेला. मिळालेली मुदतसुद्धा त्याने पुरती वापरली नाही.

"घर आमच्या वडलांनी बांधलेलं," रघुवीरबाब म्हणाले. "तिला वाईट वागवायचं नाही. पण बायको ठरली तर निम्मं घर तिचं. नाही ठरली तर पाहुणी. पाहुण्याला निघायची तारीख असते, होय ना?"

माणूस दुष्ट नव्हता. त्याचा मुलगा लग्नाचा होता आणि त्याला खोल्या कमी पडत होत्या. दुष्टपणाची बरीच कामं जगात खोल्या कमी पडल्यामुळे होतात.

"लग्न लागलं कुठे?" मी विचारलं.

इथे खरी गंमत सुरू झाली. लग्न सातेरीच्या देवळात लागलं, आणि हे देऊळ सीमेवर आहे. सीमेजवळ नव्हे, सीमेवर. गाभारा महाराष्ट्रात, सभामंडपाचा बाहेरचा भाग गोव्यात. देवी महाराष्ट्रात राहते आणि चपला गोव्यात काढाव्या लागतात. गावकऱ्यांनी कधी ह्याची चिंता केली नाही. देवीनेही केली नसावी.

मला मात्र त्या रात्रभर पुरेल एवढा आनंद झाला. कारण लग्न महाराष्ट्रात लागलं असेल तर तिथला हिंदू विवाहाचा कायदा लागू, त्यात दुसऱ्या सहीची भानगड नाही, आणि तिथे पक्कं झालेलं लग्न गोव्यातही पक्कं. पण गोव्यात लागलं असेल तर सही नाही म्हणजे बायको नाही. सगळा दावा एका प्रश्नावर आला. लग्न नेमकं कुठल्या फरशीवर पुरं झालं? आणि कायद्याच्या पुस्तकात उत्तर छापलेलं होतं. सप्तपदीतलं सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. ती ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली. ओळ लांब होती, म्हणून तिचा शेवटचा अर्धा भाग केला.

दावा दाखल झाला. पंधरा दिवसांनी रसिकाच्या बाजूने वकीलपत्र आलं आणि त्याला हिंगाचा वास होता.

कोर्टातल्या कारकुनाने ते नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं. "धुरीबाय," तो म्हणाला.

ॲडव्होकेट कुमुद धुरी तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. अडतीस वर्षं त्या सावंतवाडी, डिचोली आणि खानापूर अशा तीन राज्यांतल्या कोर्टांत उभ्या राहत होत्या. वकीलपत्रावर वकिलांच्या कल्याण निधीचं तिकीट लावावं लागतं, आणि प्रत्येक राज्याचं तिकीट निराळं. चुकीचं लागलं तर कागद परत. म्हणून बाई तिन्ही राज्यांची तिकिटं हिंगाच्या तीन रिकाम्या डब्यांत ठेवत. पिवळी डबी महाराष्ट्र, पांढरी गोवा, झाकण हरवलेली कर्नाटक. अडतीस वर्षांत एकदाही तिकीट चुकलं नव्हतं. वास तेवढा सगळ्या कागदांना लागला होता, आणि तीन जिल्ह्यांत हिंगाचा वास आला की समोरचा वकील आधी अशिलाला विचारायचा, तडजोड करायची का?

मला कुणी हे वेळेवर सांगितलं नाही.

पहिल्या तारखेला त्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढरी साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. काळा कोट घडी करून मांडीवर, त्यावर डबा, डब्यात आंबोळी.

"कोणाचो रे तू झील?" त्यांनी विचारलं.

मी वडलांचं नाव सांगितलं.

"माझा उत्तर आलेला वाचलंस?"

"वाचलं मॅडम. तुम्ही म्हणता लग्न महाराष्ट्रात लागलं."

"आणि तू म्हणतंस गोव्यात."

"सातवं पाऊल गोव्यात पडलं असं मी म्हणतो."

त्यांनी आंबोळीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि बराच वेळ चावला. "बरा," त्या म्हणाल्या. "मग तूच मोज."

त्यांनी मला खेळायला मैदान आखून दिलंय असं मला वाटलं नाही. मला वाटलं, घाबरल्या.

धुरीबाईंचे साक्षीदार, लग्न लावणारे पाध्येभटजी, गुडघे गेल्यामुळे खानापूरला लेकीकडे राहत होते. त्यांना डिचोलीला येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची साक्ष तिथेच घरी घ्यायची ठरली. कोर्टाने त्यासाठी खानापूरचे एक वकील कमिशनर नेमले. मी जायला निघालो तर बसस्टँडवर धुरीबाई.

"एकाच गाडीन जाऊया," त्या म्हणाल्या. "भांडण थंयसर, खानापुराक."

चोर्ला घाटातल्या त्या प्रवासात मी बाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं. साखळी गावापर्यंत कंडक्टरशी कोकणीत बोलल्या, त्याच्या बहिणीच्या वाटणीचं काय झालं ते विचारलं. घाट सुरू झाल्यावर झोपल्या. कर्नाटकची हद्द आली तशा कुणी हलवल्यासारख्या जाग्या झाल्या आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाल्या. म्हाताऱ्याने उठून हात जोडले.

"काय म्हणालात?"

"जमीन विकू नको म्हटलं. मागच्या खेपेक पण सांगितलं होतं." मग माझ्याकडे वळून त्या साध्या मराठीत म्हणाल्या, "तू तीन राज्यांत कधी केस चालवलीस?"

"नाही. एकाच तालुक्यात. एकच."

"ही?"

"ही."

त्यांनी मान डोलावली. "पहिली केस हरली की माणूस चांगला वकील होतो. जिंकली की ज्योतिषी होतो."

भटजींच्या लेकीने पोहे दिले. कमिशनर पाटावर बसून लिहू लागले. धुरीबाईंनी पाच प्रश्न विचारले, पाचही भटजींशी शेजारणीने गप्पा माराव्यात तसे.

"भटजी, आंबेशेतातली लग्नं किती लावलीत?"

"मोजली नाहीत. दीडशे तरी. आधी वडलांबरोबर, मग एकटा."

"रसिकाचं?"

"मीच. देवीच्या उंबऱ्याकडे अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या."

"सप्तपदी?"

"झाली ना. व्हिडिओ शूटिंगवाल्याला हवी होती. आत अंधार, म्हणून त्याने होम बाहेरच्या अंगाला मांडायला लावला."

"आधीच्या दीडशे लग्नांत कधी?"

"सप्तपदी? छे. ह्यांच्यात नाही ती पद्धत. टीव्हीत बघून आलेलं आहे हे."

"वाजंत्री कुणाची होती?"

"मोरल्याची. बरी वाजवतात."

"माझं झालं," बाई म्हणाल्या आणि पोह्यांकडे वळल्या.

मी थक्क झालो. स्वतःच्याच साक्षीदाराकडून त्यांनी होम बाहेरच्या अंगाला, म्हणजे गोव्याच्या बाजूला असल्याचं काढून दिलं होतं. मी पुढे सरसावलो.

"भटजी, पावलं सातही पडली?"

"सात. आधी सहाच पडली होती. मग शूटिंगवाल्याने पुन्हा घ्यायला लावली."

कमिशनरांचं पेन थांबलं. "म्हणजे एकूण तेरा?"

"पहिली सहा धरू नका," भटजी म्हणाले. "त्यात दिवा पडला होता."

कमिशनरांनी लिहिलं, पावले तेरा, पैकी सहा रद्द. मी त्याखाली आनंदाने सही केली.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "मॅडम, तुमचा साक्षीदार माझ्या बाजूने बोलला."

"भटजी सगळ्यांच्याच बाजूने बोलतात," त्या म्हणाल्या. "शेंगा घे."

मग मोजणी. अर्ज माझा, आग्रह माझा. धुरीबाईंनी हरकत घेतली नाही. त्यामुळे एका सकाळी दहा वाजता सातेरीच्या देवळात गोव्याचा एक मोजणीदार, महाराष्ट्राचा एक मोजणीदार, कोर्टाने पाठवलेले कमिशनर, दोन वकील, रघुवीरबाब, रसिका आणि दोन्ही राज्यांची मिळून चाळीस माणसं जमली. गोव्याच्या मोजणीदाराकडे तिपाईवरचं यंत्र होतं. महाराष्ट्राच्या मोजणीदाराकडे साखळी आणि तंबाखू. तासाभराने दोघे स्वतंत्रपणे एकाच आकड्यावर आले. दोघांनाही ह्याचा धक्का बसला आणि त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. सभामंडपाच्या तिसऱ्या खांबापाशी खडूने रेघ मारली गेली. एका पोक्त बाईने ती ओलांडून पाहिली आणि म्हणाली, काय फरक नाय.

मी त्या दिवशी पेटलो होतो. देवळातलं सगळं मोजून नकाशावर घ्यायला लावलं. होमाचा काळा डाग, खांब, घंटा, दीपमाळ, गाभाऱ्याचा उंबरा, चपला काढायची जागा. कुठलाही कोपरा पुढे कुणाला वादाला मिळू नये म्हणून. उंबरा रेघेपासून चौदा फूट आत, महाराष्ट्रात. लिहा, मी म्हणालो. मोजणीदाराने लिहिलं.

मग कमिशनर म्हणाले, "पावलं कशी पडली ते वादी-प्रतिवादींनी दाखवावं."

रसिका पुढे आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होतो. अठ्ठावीस-एकोणतीसची, उन्हात काम करणारी, हातात हिरव्या बांगड्या नाहीत. ती होमाच्या डागाशी जाऊन उभी राहिली.

"नवऱ्याच्या जागी कोण चालणार?" कमिशनरांनी विचारलं. "अंतर बरोबर यायला हवं. रघुवीरबाब, तुमची भावाएवढीच उंची दिसते."

रघुवीरबाब दोन पावलं मागे सरले. "मी? भावाच्या बायकोबरोबर? लोक तोंडात शेण घालतील."

  धुरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोकला आल्याचं नाटक केलं. ते चांगलं वठलं नाही.

शेवटी मीच उभा राहिलो. नवऱ्याचं उपरणं नि नवरीचा पदर ह्यांची गाठ असते, तिथे मोजणीची टेप आली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. विरुद्ध पक्षाच्या वकिलाबरोबर सप्तपदी चालणारी ही भारतातली पहिलीच प्रतिवादी असावी. महाराष्ट्राचा मोजणीदार मोठ्याने मोजत होता.

"एक."

ती अगदी लहान पावलं टाकत होती. मी लांब टाकलं की टेप ताणली जाई.

"हळू चला," ती पुटपुटली. "ते माझ्या चालीन चालले होते."

"चार. पाच."

"ह्या पाचव्याक ते अडखळले. शूटिंगवालो ओरडलो. माका हसू आलेला."

"सहा. सात."

ती थांबली. उजेडात. कॅमेऱ्यासाठी निवडलेली जागा खरंच चांगली होती. दोन्ही मोजणीदार खाली वाकले.

"दोन फूट चार इंच," गोव्याचा म्हणाला.

"गोवा," महाराष्ट्राचा म्हणाला.

रसिकाने पायाखाली पाहिलं. "म्हणजे मी आता कोण म्हणायची?"

 मोजणीदाराने तिच्या हातातलं टेपचं टोक हळूच सोडवून घेतलं आणि टेप गुंडाळली. आपण जिंकतोय असं वाटत असूनही ते माप मी वहीत उतरवून घ्यायला विसरलो. मी ते सकाळच्या उपाशीपणावर ढकललं.

कोर्टात नकाशा दाखल झाला. धुरीबाई उभ्या राहिल्या. "नकाशा मान्य. एकही माप नाकारत नाही. सातवं पाऊल गोव्यात, हेही मान्य."

न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळं मान्य?"

"होय साहेब. माझ्या विद्वान मित्रांनी कष्ट घेऊन केलेला आहे. त्यातला उंबरासुद्धा मान्य."

मागच्या बाकावर दोन वकील माझ्याकडे आदराने पाहू लागले. तिसरा, म्हातारा, बाहेर निघून गेला. पुढचं त्याला बघवणार नव्हतं.

रघुवीरबाब पिंजऱ्यात आले. बाईंनी कोट सारखा केला.

"रघुवीरबाब, लग्नाला होतात?"

"होतो तर. नवऱ्याचा मोठा भाऊ मी."

"अक्षता टाकल्यात?"

"पहिल्या माझ्या."

"नवरानवरी कुठे उभी होती?"

"देवीच्या उंबऱ्याकडे. तिथेच उभी करतात आमच्यात."

"मग सप्तपदी बघितलीत?"

"नाही." ते जरा ओशाळले. "ती मागाहून झाली. मी पंगतीत होतो."

"पहिल्या?"

"पहिल्याच. व्याही, मामा, गावचे मानकरी, सगळे. आग्रह झाला."

"म्हणजे सप्तपदी बघायला कोण होतं?"

"शूटिंगवाला."

न्यायाधीशसाहेबांनी पेन उचललं. मला अजूनही काही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी पुढच्या केसचा विचार करत होतो, जी नव्हती.

बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. "रघुवीरबाब, तुम्ही मोठे. घरचं कार्य. लग्न लागायच्या आधीच जाऊन पानावर बसलात?"

माणूस खरोखर दुखावला. तो पिंजऱ्याचा कठडा धरून ताठ झाला.

"काय बोलता बाय? लग्न लागल्याशिवाय जेवायला बसेन? मी काय वाटेवरचा आहे? अक्षता पडल्या, लग्न लागलं, मग हात धुतले. आमच्या सात पिढ्यांत कुणी आधी बसलेला नाही. विचारा कुणालाही."

"नाही, तुमच्यावर विश्वास आहे," बाई म्हणाल्या. "माझं झालं."

त्यांनी मग कायद्याचं पुस्तक उघडलं आणि माझी ती लाल ओळ वाचली. पण सुरुवातीपासून. लग्न वधू किंवा वराच्या चालीरीतीप्रमाणे लावता येतं. आणि ज्यांच्या चालीरीतीत सप्तपदी आहे, त्यांच्यात सातव्या पावलाला ते पुरं होतं. ज्यांच्या. आंबेशेतात ती चाल नव्हती, हे दीडशे लग्नं लावलेल्या भटजींनी सांगितलेलं. ह्यांच्यात लग्न अक्षतांना पुरं होतं, हे वादीने स्वतः, सात पिढ्यांची शपथ घेऊन. अक्षता उंबऱ्याकडे पडल्या. आणि उंबरा महाराष्ट्रात चौदा फूट आत, हे माझ्या नकाशाने. साक्षीदार माझा, नकाशा माझा, आग्रह माझा. बाईंनी घरून फक्त डबा आणला होता.

निकाल महिन्याने लागला. रसिका ही सोमनाथची कायदेशीर पत्नी. घरातून तिला कुणी हलवू नये. निकालपत्रात माझ्या मोजणीच्या अचूकतेची दोन ओळींत स्तुती आहे. ती मी तेव्हा लॅमिनेट करून घेतली.

रघुवीरबाब व्हरांड्यात भेटले. "गाडबाब, मी खोटं तर बोललो नाही?"

"नाही."

"मग हरलो कसे?"

"त्यामुळेच."

त्यांनी जरा विचार केला. "पण पंगतीबद्दल खोटं कसं बोलायचं," असं म्हणून ते बसस्टँडकडे गेले. त्यांनी आणि रसिकाने पुढे घरात मधे भिंत घालून तिला एक दार ठेवलं असं ऐकलं. मुलाचं लग्न त्याच देवळात झालं, आणि शूटिंगवाल्याला उंबऱ्याच्या आतच उभं केलं होतं.

धुरीबाई आंबोळी खात होत्या. मी शेजारी बसलो. हरलेल्या माणसाला बसायला सांगावं लागत नाही.

"नकाशा तुम्हीच का नाही मागितलात?" मी विचारलं.

"मी मागितला असता तर तू हरकत घेतली असतीस. वर्ष गेलं असतं. तोवर पोर कुठे राहिली असती?"

"आणि रघुवीरबाब फिरले असते तर?"

"अडतीस वर्षं तीन राज्यांत साक्षी घेतल्या. माणूस जमिनीबद्दल खोटं बोलतो, वयाबद्दल बोलतो, बापाबद्दलसुद्धा बोलतो. पानावर कधी बसला ह्याबद्दल खोटं बोललेला एकही बघितला नाही. कानडीतसुद्धा नाही." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "खा. तू बरं मोजतोस. वाचायला शीक."

तेवढ्यात रसिका आली. तिने बाईंच्या पायाला हात लावला आणि मग माझ्याकडे वळली, हे मला अनपेक्षित होतं.

"साहेब, घर मिळाला. पण एक काम रवला."

"काय?"

"त्या कचेरीतली वही. थंय माझी नि त्यांची पहिली सही आसा, नि पुढचा रकानो कोरो. कोर्टान माका बायको म्हटला, पण त्या वहीत ते अजून येवचे आसत. मी परवा जाऊन बघितलंय." ती थांबली. "ते येणार होते. सोमवारी जाऊया म्हणाले होते. तेंका यायचा नव्हता असा नाय. ह्या कोणीतरी थंय लिहून ठेवूक व्हया."

मी बाईंकडे पाहिलं. असा अर्ज नसतो. कुठल्याच राज्यात नसतो. पिवळ्या, पांढऱ्या किंवा बिनझाकणाच्या डबीत त्याचं तिकीट नसतं.

"लिही," धुरीबाई म्हणाल्या.

"मी? मी विरुद्ध बाजूचा वकील."

"माझ्या नावाने गेला तर मला तो जिंकावा लागेल. तुझ्या नावाने गेला तर चालेल." त्यांनी पदराला हात पुसले. "पण नीट लिही. सुरुवातीपासून."

ह्याला सात वर्षं झाली. बाई एकाहत्तरच्या आहेत, अजून चोर्ला घाटात झोपतात आणि हद्दीवर जाग्या होतात. माझ्या नावावर आता पुष्कळ निकाल आहेत, त्यातले काही माझ्या बाजूने. पण मला विचाराल तर माझं सर्वांत नीट लिहिलेलं काम तो अर्जच. झेरॉक्सवाल्याच्या खुर्चीत बसून लिहिला. नक्कल जवळ आहे, ती जशीच्या तशी देतो.

मेहेरबान नागरी निबंधक साहेबांचे सेवेशी. अर्जदार रसिका सोमनाथ परब हिचा विनंती अर्ज ऐसा जे: अर्जदार व तिचे पती यांची पहिली सही आपल्या दप्तरी आहे. दुसऱ्या सहीस पतीचा नकार कधीही नव्हता. त्यांना केवळ यावयाचे राहिले. मुदतीत येता न आल्याचे कारण मृत्यू असून तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. सबब झालेला विलंब माफ व्हावा. तरी विनंती की, मयत सोमनाथ यांना दुसऱ्या सहीसाठी कामकाजाचा एक दिवस, शक्यतो सोमवार, आपल्या कार्यालयात हजर राहण्याची परवानगी मिळावी. अर्जदार त्या दिवशी सकाळी दहापासून हजर राहील. पतीस पोहोचण्यास उशीर होऊन ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आले, तर त्यांना खिडकीवरून परत पाठवू नये.